वाफेशी वैर

घरात उभा फ्रीझर असला की घरातल्या प्रत्येकाचं त्याच्याविषयी एक ठाम मत असतं. कुणाला तो फार वीज खातोय असं वाटतं, कुणाला त्याचा आवाज कालपेक्षा आज वाढलेला ऐकू येतो, आणि कुणीतरी अधूनमधून त्याच्या कुशीला तळहात लावून ‘गरम लागतोय हां, जळेल एखाद दिवशी’ असं जाहीर करतंच. खरं तर कूस कोमट लागणं हे बऱ्याच फ्रीझरच्या बाबतीत तब्येत ठीक असल्याचं लक्षण. आतून उपसलेली उष्णता कुठेतरी टाकायला हवी, आणि ती टाकणारी नळी बहुतेकदा बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलेली असते. दाराच्या चौकटीतूनही तिचा एक फेरा काढतात, नाहीतर चौकटीला घाम सुटेल. ज्या मॉडेलमध्ये ही नळी मागे उघडी असते तिथे मात्र वर्षातून एक-दोनदा धूळ झटकावी लागते. धुळीची गोधडी पांघरून उष्णता बाहेर जाणार कशी?

पण उष्णता हे या यंत्राचं रोजचंच काम आहे, त्याला ते सवयीचं. त्याचं खरं वैर आहे ते वाफेशी. फ्रीझरच्या घरगुती तक्रारी उलगडत गेलं की शेवटी बहुतेकदा पाणीच हाती लागतं: नको तिथे आलेलं, नको तिथे गोठलेलं, किंवा जायच्या वाटेवर अडलेलं.

उभ्या फ्रीझरचं दार उघडलं की थंड हवा पायांवर सांडते. पायाच्या बोटांना ते कळतंसुद्धा. त्यामुळे ‘आडवा, पेटीसारखा घेतला असता तर थंडी आतच राहिली असती’ हे ऐकावं लागतं. आता हिशेब बघा. 250 लिटरच्या रिकाम्या फ्रीझरमधली सगळीच्या सगळी हवा बदलली, तरी तिचं वजन जेमतेम 300 ग्रॅम. तिला खोलीच्या तापमानावरून उणे 18 अंशांपर्यंत आणायला जेवढी उष्णता काढावी लागते तेवढ्यात बर्फाचे दोन-तीन खडे वितळतील, इतकंच. मात्र उकाड्याच्या दमट दिवशी एक घनमीटर हवेत 20 ग्रॅमच्या आसपास पाणी वाफ होऊन तरंगत असतं. म्हणजे या एका बदलात 5 ग्रॅम पाणी आत शिरलं. त्याचं हिम करायला जवळजवळ तेवढीच उष्णता पुन्हा काढावी लागते. शिवाय उष्णता निदान बाहेर तरी जाते, पाणी आत मुक्कामाला राहतं.

मुक्काम कुठे करायचा, हे फ्रीझरच्या जातीवर ठरतं. साध्या, हाताने बर्फ काढायच्या फ्रीझरमध्ये फळ्यांमधूनच थंड नळ्या फिरवलेल्या असतात, त्यांच्यावर ते पांढरं होऊन बसतं. थर अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे गेला की काढायचा, कारण बर्फ उष्णतेला अडवतो आणि कॉम्प्रेसरला उगाच पळवतो. काढायचा म्हणजे सामान बाहेर, प्लग बाहेर, दार सताड उघडं, आत कोमट पाण्याचं पातेलं आणि खाली जुने टॉवेल. सुरी, उलथनं, स्क्रू-ड्रायव्हर यांना त्या दिवशी सुट्टी. नळी ॲल्युमिनियमची असली तर एक टोचा पुरतो. आणि आजच्या बऱ्याच फ्रीझरमध्ये नळ्यांतून फिरणारा, थंडावा आणणारा वायू आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, जो पेट घेतो. 1987च्या माँट्रियल करारानंतर ओझोनला खाणारे जुने वायू हद्दपार होत गेले, त्या जागी आलेल्यांपैकी हा एक. मात्रा थोडी असते, पण म्हणून टोचून बघायची गरज नाही.

फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे स्वतःच बर्फ काढणाऱ्या फ्रीझरमध्ये बर्फ होत नाही हा समज गोड आहे. बर्फ होतोच, फक्त दिसत नाही. मागच्या पॅनलआड एक कॉइल, म्हणजे थंड नळीचं वेटोळं असते, पंखा हवा तिच्यावरून फिरवतो आणि वाफ तिथे गोठते. ठरावीक तासांनी एक छोटा हीटर ती कॉइल तापवतो, पाणी भोकावाटे खाली कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरतं आणि तिथल्या ऊबेने वाळून जातं. म्हणजे दारातून घुसलेली वाफ पुन्हा वाफ होऊन घरातच परतते. इतकी नेटकी व्यवस्था आहे, की बिघडेपर्यंत तिचा पत्ता लागत नाही.

बिघडते तेव्हा मात्र ती खुणा पेरत जाते. आधी आइसक्रीम मऊ पडतं. त्यातल्या साखरेमुळे ते मुळातच उशिरा गोठतं, म्हणून पहिला निरोप त्याचाच. बाकीची पाकिटं अजून दगड असतात. मग मागच्या पॅनलवर साय धरल्यासारखं हिम दिसू लागतं, आणि एक दिवस पंख्याचं पातं बर्फाला घासून ‘खर्रर्र’ करायला लागतं. दार उघडलं की आवाज थांबतो, कारण बऱ्याच फ्रीझरमध्ये दाराबरोबर पंखाही बंद होतो. त्यामुळे दाखवायला बोलावलेल्या माणसाला तो ऐकूच येत नाही.

इथे फोनवरचा मेकॅनिक हमखास म्हणतो, ‘गॅस संपला असेल.’ गॅस काही पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांमध्ये तो वर्षानुवर्षं तोच फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. खरं-खोटं करायचं तर फ्रीझर रिकामा करून, बंद करून, दार उघडं टाकून पूर्ण एक दिवस सोडायचा. पॅनलमागचा बर्फ दिसत नसला तरी त्याला वितळायला वेळ द्यायलाच हवा. चालू केल्यावर काही दिवस झकास चालला आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं, तर दोष हीटर, त्याचा थर्मोस्टॅट किंवा त्यांना वेळ सांगणारा टायमर यांच्यात. गॅसच कमी असता तर बर्फ वितळवूनही तो मुळात नीट थंड झाला नसता.

तळाशी काचेसारखा बर्फाचा पापुद्रा किंवा फरशीवर पाणी दिसलं तर ट्रेकडे पाणी नेणारं ते भोक तुंबलंय, कोमट पाण्याची पिचकारी मारायची. थोडं गुणगुणून ‘खट्’, काही मिनिटांची शांतता, परत गुणगुण आणि परत ‘खट्’ असं चाललं असेल, तर कॉम्प्रेसर उठू बघतोय आणि उठत नाहीये. तो गेला असं घाईने ठरवू नये. कित्येकदा त्याला चिकटलेला, त्याला सुरू करून देणारा छोटासा रिलेच मेलेला असतो.

दाराच्या रबराकडे मात्र मी फार बारकाईने बघते. कागदाची पट्टी दारात धरून ओढायची. अडकत अडकत आली तर ठीक, सुळकन आली तर तिथून वाफ येते. बिजागरीकडचा खालचा कोपरा हटकून दगा देतो. चिकट ओघळ साबणाच्या पाण्याने पुसायचे, आणि रबर वाकडं झालं असेल तर हेअर ड्रायरची ऊब देऊन बोटांनी बसवायचं. लावलेलं दार लगेच उघडायला गेलं तर जाम लागतं, त्यावर चिडू नये. आत शिरलेली गरम हवा थंड होऊन आकसते, बाहेरची दार दाबून धरते. मिनिटभर थांबलं की सुटतं. रबर धड असल्याची यासारखी पावती नाही.

वाफेचा उलटा उद्योगही चालतो. गोठलेल्या पदार्थातला बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडतो, आणि पदार्थावर करडे, कोरडे चट्टे पडतात. खाल्ल्याने काही होत नाही, पण चव गेलेली असते. पाकिटात आत जमलेलं हिम हे त्याच पदार्थाचं पाणी. म्हणून पिशवीतली हवा दाबून काढायची.

वीज गेली तर काहीच करायचं नाही, आणि माणसाला तेच जमत नाही. दार बंद ठेवलं तर भरलेला फ्रीझर साधारण 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास तग धरतो. पण ‘बघू तरी’ म्हणून दर तासाला कुणीतरी दार उघडतं. गावाला जाताना कपभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवावं. परतल्यावर नाणं बुडालेलं दिसलं तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलंय असं समजावं आणि नाक न लावता टाकून द्यावं.

भिंतीतल्या फोममध्ये गाडलेली नळी गळू लागली की मात्र दुरुस्ती परवडत नाही. नवा घ्यायचा झाला तर मी पुन्हा उभाच घेईन. पेटीच्या तळाशी गेलेली वस्तू काढायला कमरेपर्यंत आत उतरावं लागतं. त्यातही साधा, हाताने बर्फ काढायचा. पंखा नाही, हीटर नाही, टायमर नाही, आणि पदार्थही कमी कोरडे पडतात. घरच्यांचं मत अर्थातच फ्रॉस्ट-फ्रीला आहे. त्यांना तो दिवसभराचा टॉवेलांचा कार्यक्रम नको आहे, आणि आमच्याकडे निर्णय बहुमताने होतात.