अलास्काची क्रूझ: मोठ्या खोलीचे पैसे कशासाठी मोजायचे

अलास्काच्या क्रूझचं जहाज, तारखा, बंदरं हे सगळं आमचं एका बैठकीत ठरलं. अडलो ते खोलीवर. आई-बाबा उन्हाळ्यात सांगलीहून आमच्याकडे सिएटलला येणार होते. आम्ही दोघं, आमची लेक आणि ते दोघं अशी पाच माणसं. सिएटलहून निघून केचिकॅन, जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे आणि येताना कॅनडातलं व्हिक्टोरिया, अशी सात रात्रींची सफर. बुकिंगच्या पानावर खोल्यांची चढती यादी होती: खिडकी नसलेली आतली खोली, खिडकीवाली, बाल्कनीवाली, मग मिनी-स्वीट, मग स्वीट. आमच्या तारखांना आतल्या खोलीचे माणशी साधारण हजार डॉलर पडत होते, बाल्कनीचे सोळाशे आणि मिनी-स्वीटचे एकवीसशेच्या आसपास. कर आणि बंदराचे पैसे वेगळे. शिवाय टिप माणशी, दिवसाला लागते. साध्या खोलीला ती तेव्हा सोळा-सतरा डॉलरच्या घरात होती, स्वीटला त्याहून जास्त.

फोनवर आईला भाव सांगितले तर तिचं उत्तर तयार होतं. "अगं, एवढे पैसे कशाला? खोलीत काय फक्त झोपायचंच ना?"

हे वाक्य क्रूझला जाऊन आलेला प्रत्येक जण ऐकवतो आणि बऱ्याच सफरींना ते खरंही आहे. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजावर रात्री कार्यक्रम आणि जेवण, दिवसा बंदर, म्हणजे खोलीत पाठ टेकायची तेवढीच. कॅरिबियनलाही तेच, माणसं दिवसभर पोहण्याच्या तलावाशी असतात. अलास्काचं गणित वेगळं आहे. तिथे जे पाहायला जायचं त्यातलं अर्धं जहाजातूनच दिसतं, कधीही दिसतं, आणि थंडीत दिसतं. व्हेल काही कार्यक्रमपत्रिकेत वेळ छापून वर येत नाही. त्यामुळे "खोलीत किती वेळ असणार?" याचं उत्तर आधी काढता येत नाही. "डेकवर उभं राहणं कोणाला जमणार नाही?" हे मात्र काढता येतं. आमच्या घरात ते लगेच निघालं. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. बाबांना बीपीची गोळी चालू आहे आणि तिच्यामुळे दर तासा-दीड तासाला बाथरूम लागते. पाच-सहा अंशांच्या वाऱ्यात, गर्दीत जागा धरून ते तीन-चार तास उभे राहणं अशक्य. आणि जागा सोडून गेले तर परत मिळणार नाही म्हणून ते पाणीच पिणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.

मग जहाजाच्या मजल्यांचे नकाशे उघडले आणि एक गोष्ट लक्षात आली, जी जाहिरातीतल्या फोटोंवरून कळत नाही. बाल्कनीवाली खोली ही बहुतेक वेळा मोठी खोली नसतेच. आतली खोली दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची असते आणि बाल्कनीवालीही आतून जवळपास तेवढीच. पलंग तोच, कपाट तेच, बाथरूम तीच. सहाशे डॉलर जास्त मोजून मिळतं ते एक सरकतं काचेचं दार आणि पलीकडे दोन खुर्च्या मावतील एवढी मोकळी जागा. खोली खरोखर मोठी होते ती मिनी-स्वीटपासून. तिथे सोफा येतो, दुसरा टीव्ही येतो, बाल्कनी थोडी रुंद होते.

आणि बाथटब येतो. आमच्यासाठी मिनी-स्वीटचा निकाल इथेच लागला. त्या जहाजावर साध्या खोल्यांत उभ्याने अंघोळीची चौकोनी जागा होती, उंबरा जेमतेम चार बोटं. मिनी-स्वीटमध्ये मात्र शॉवर टबातच होता. म्हणजे रोज अंघोळीला गुडघ्याएवढी कड ओलांडायची, तीही हलत्या जहाजात, ओल्या पायांनी. माणशी पाचशे डॉलर जास्त देऊन आईला रोज तो धोका पत्करायला लावायचा? खोलीचे फोटो बघताना सगळे पलंग बघतात. घरात वयस्कर माणूस असेल तर बाथरूमचा फोटो आधी बघा.

दुसरी गोष्ट जागेची. महागड्या खोल्या बहुतेक वरच्या मजल्यांवर किंवा अगदी टोकाला असतात आणि जहाज सर्वांत जास्त हलतं ते तिथेच. मधोमध आणि खाली हेलकावे कमी. सिएटलच्या सफरीत हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण इथून निघालेली जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून निघणारी जहाजं बेटाच्या आतल्या शांत पाण्यातून जातात. तरी आम्ही सिएटल घेतलं, कारण घरून बंदरापर्यंत गाडीने पोचता येतं आणि आई-बाबांचा एक विमानप्रवास वाचतो. व्हिक्टोरियाचा थांबा कशाला, हेही बाबांनी विचारलं होतं. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकन बंदरातून निघून त्याच बंदरात परतायचं असेल तर वाटेत एका तरी परदेशी बंदराला लागावं लागतं. म्हणून काही तासांसाठी का होईना, व्हिक्टोरिया. आणि म्हणूनच अमेरिकेचं ग्रीन कार्ड नसलेल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना या सफरीसाठी कॅनडाचाही व्हिसा लागतो, जहाजातून उतरायचं नसलं तरी.

शेवटी ठरलं ते असं: आई-बाबांना जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची बाल्कनी, लिफ्टपासून चार दारं सोडून. अगदी लिफ्टला चिकटून नको, रात्री उशिरापर्यंत तिथे बोलणं चालू असतं. त्यांच्या वर आणि खाली प्रवाशांच्याच खोल्या हव्यात, स्वयंपाकघर किंवा नाचाचा हॉल नको, हे मजल्यांचे नकाशे एकावर एक ठेवून पाहिलं. आणि आम्ही तिघं बरोबर समोर, बोळाच्या पलीकडच्या आतल्या खोलीत. लेकीला वरचा घडीचा बर्थ. एकाच खोलीतल्या तिसऱ्या माणसाचं भाडं बरंच कमी असतं. जास्तीचे पैसे दोघांचेच गेले आणि बाल्कनी पाचही जणांना मिळाली.

आमच्या मजल्यावर खोल्या आवरायला होता तो मुलगा वेंगुर्ल्याकडचा निघाला. आई-बाबांचं मराठी बोळातून कानावर पडलं आणि तो दारातच थांबला. "काकी, काय व्हया असला तर माका सांगा," म्हणाला, आणि आईचं निम्मं दडपण तिथेच उतरलं. गोव्याची आणि तळकोकणाची किती तरी मुलं अशी महिनोन्‌महिने जहाजावर राबतात. घरी दूध तापवायला लावण्याइतकी साधी गोष्ट त्यांच्या वाट्याला वर्षातून काही आठवडेच येते. आईने त्याला मेतकुटाची पुडी दिली, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यानेच तिला भिंतीला चिकटणारे लोहचुंबकाचे हुक आणून दिले. जहाजाच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे छोट्या खोलीत जॅकेटं, टोप्या, पिशव्या सगळं भिंतीवर टांगता येतं. बॅगा पलंगाखाली. दोन माणसांना ती खोली कुठेही अपुरी पडली नाही. बाल्कनीत कपडे वाळत घालायला आणि खोलीत किटली लावायला मात्र परवानगी नसते, हे आईला आधीच सांगून ठेवलं होतं.

आतल्या खोलीबद्दलही सांगायला हवं, कारण तिला उगाच नावं ठेवली जातात. जुनोला जूनअखेरीस पहाटे चारच्या आत उजाडतं आणि सूर्य मावळतो रात्री दहानंतर. अशा दिवसांत संपूर्ण अंधाराची खोली म्हणजे सुख. लेक रात्री ढाराढूर झोपायची. त्रास झाला तो एकच. आमच्या आणि शेजारच्या खोलीच्या मधे दार होतं, मोठ्या कुटुंबांना दोन खोल्या जोडून घेता याव्यात म्हणून ठेवलेलं. त्या दारातून शेजारच्यांचा टीव्ही शब्दन्‌शब्द ऐकू यायचा. नकाशावर अशा खोल्यांना खूण असते. ती बघून त्या टाळाव्यात. कोणत्याही भावाच्या खोलीला हे लागू आहे.

आता ग्लेशियर बे. या एका दिवसासाठी मी बाल्कनीचे पैसे पुन्हा मोजेन.

या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोन क्रूझ जहाजांनाच प्रवेश असतो. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन चालत्या जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. १७९४ मध्ये ब्रिटिश कप्तान जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत उभी होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर होडीतून आला तोवर बर्फ साठ-पासष्ट किलोमीटर आत सरकला होता. आता खाडीच्या टोकापर्यंत जायचं तर शंभरच्या वर किलोमीटर पाणी कापावं लागतं. म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस. हा दिवस आई-बाबांनी कसा काढला असता, हाच माझा खोली ठरवतानाचा खरा प्रश्न होता.

त्यांनी तो असा काढला. बाल्कनीच्या दोन खुर्च्या, अंगावर पलंगावरची ब्लँकेटं, बाबांच्या कानावर घट्ट माकडटोपी. दार थोडं उघडं ठेवलेलं आणि आत टीव्हीवर रेंजरचं बोलणं लावलेलं. गार वाटलं की आत, काही दिसलं की बाहेर. बाबा हवं तेव्हा बाथरूमला जाऊन येत होते आणि मोकळेपणाने चहा पीत होते. मी अधूनमधून वरच्या डेकवर जाऊन आले. तिथे कठड्याला माणसांच्या तीन-तीन रांगा होत्या आणि वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं. उत्साही माणसाला तिथली मजा आहे. चारी बाजू दिसतात, सगळे मिळून ओरडतात. नवरा आणि लेक दुपारपर्यंत तिथेच होते.

दुपारी जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबलं. जवळपास दीड किलोमीटर रुंद आणि पाण्यावर सुमारे पंचाहत्तर मीटर उंच अशी ती निळसर भिंत. शेजारी ग्रँड पॅसिफिक हिमनदी आहे, पण ती दगडमातीने इतकी माखलेली की रेंजरने सांगेपर्यंत ती डोंगराची उतरण वाटत होती. एका बाजूची बाल्कनी घेतली तर निम्मं हुकेल अशी मला भीती होती. ती खोटी ठरली, कारण कप्तान जहाज जागच्या जागी हळूहळू फिरवतो आणि दोन्ही बाजूंना हिमनदी समोर येते. इंजिनाचा आवाज उतरला. पाण्यावर तरंगणारे बर्फाचे तुकडे बारीक तडतडत होते, आत कोंडलेली जुनी हवा सुटत असते म्हणून. तेवढ्यात भिंतीचा एक उभा पापुद्रा सुटला. तो खाली जाताना दिसला, पाणी उसळलं, आणि मग कुठे तो आवाज आला, ढग गडगडावा तसा खोल. आई उभी राहिली. गुडघ्यांचं नाव न काढता कठड्याला धरून बराच वेळ तशीच उभी होती. बाबांनी तिच्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं. त्यांच्यात आणि त्या बर्फात तिसरं कोणी नव्हतं. बाराशे डॉलर गेले ते यासाठी, आणि मला ते कमीच वाटतात.

मिनी-स्वीटचे वाचलेले पैसे स्कॅगवेच्या रेल्वेत गेले. कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यासाठी लोटलेल्या माणसांकरता १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली ही व्हाइट पासची गाडी समुद्रसपाटीपासून २,८६५ फुटांवर चढते, बत्तीसेक किलोमीटरांत. रूळ तीन फुटी, म्हणजे माथेरानच्या गाडीहून फुटाने रुंद. पण खिडकीतून स्वतःचीच गाडी पुढच्या वळणावर दिसते, तेव्हा बाबा म्हणाले, "जुम्मापट्टीची आठवण आली." बसल्या जागी डोंगर बघायला मिळतो. गुडघेवाल्यांनी ही सफर अजिबात सोडू नये.

निघायच्या काही आठवडे आधी आम्हाला ईमेल आला होता: मोठ्या खोलीसाठी बोली लावा, लागली तर स्वस्तात मिळेल. बोलीत आकडा माणशी असतो, त्यामुळे दोघांचे दुप्पट होतात. पण ती नाकारण्याचं कारण वेगळं होतं. बोली लागली तर खोली कंपनी निवडते. मधोमध असलेली, समोरासमोरची, बाथटब नसलेली जागा सोडून कुठे जाऊन पडू सांगता येत नाही. बुकिंगच्या वेळी खोलीचा क्रमांक न देता स्वस्तात विकतात, त्याचंही तसंच. तरण्याताठ्या जोडप्याने ते खुशाल घ्यावं. कधी कधी मिळालेल्या खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली असते, तेवढी तयारी हवी.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई-सासरे येत आहेत. सासरे आजही सिंहगड चढून जातात आणि सासूबाईंना माणसांत बसायला, पत्ते खेळायला आवडतं. थंडीचं दोघांनाही काही वाटत नाही. त्यांना विचारलं, त्यांनी आतली खोली पसंत केली, आणि मलाही ते पटलं. दोन्ही खोल्या आतल्याच, शेजारी-शेजारी, मधे दार असलेल्या. इथे ते दार उपयोगाचं आहे. बाल्कनीचे पैसे जुनोला हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरण्यासाठी ठेवले आहेत. सासऱ्यांनी आतापासूनच त्याबद्दल वाचायला घेतलं आहे. कॅनडाच्या व्हिसाचे अर्ज या आठवड्यात भरायचे आहेत.