एका नावाचा शोध: फ्लँडर्सपासून सॉमपर्यंत

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांसाठी ‘प्रीमियर्स अँझॅक प्राइझ’ नावाची स्पर्धा घेतली जाते. २५ एप्रिल १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या सैन्याला अँझॅक म्हणत, आणि तो दिवस या दोन्ही देशांत आजही युद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणाचा सर्वांत मोठा दिवस मानला जातो. स्पर्धेतून निवडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या महायुद्धातील रणभूमी पाहण्यासाठी युरोपात नेले जाते. मात्र त्याआधी प्रत्येकाला आपल्या राज्यातील एका सैनिकाचा आयुष्यपट शोधून काढावा लागतो, आणि त्याच्या कबरीपाशी, किंवा कबर नसेल तर त्याचे नाव कोरलेल्या भिंतीपाशी, उभे राहून त्याच्याविषयी बोलावे लागते. मी ब्रिस्बेनमध्ये इतिहास शिकवते. सोबतची शिक्षिका म्हणून या प्रवासाला जाण्याची संधी मला मिळाली आणि त्या वाटेवर जे पाहिले ते मराठी वाचकांना सांगावे असे मनापासून वाटले.

हा प्रवास खरे तर विमानात बसण्याच्या कितीतरी आधी, कागदपत्रांपासून सुरू होतो. पहिल्या महायुद्धात लढलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या सेवानोंदी तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने संगणकावर सर्वांना मोफत उपलब्ध करून दिल्या आहेत. उंची, छातीचे माप, डोळ्यांचा रंग, व्यवसाय, धर्म, जवळच्या नातलगाचे नाव अशा तपशिलांनी फाइल उघडते. पुढे आजारपणाच्या, रजेच्या, उशिरा परतल्याबद्दल झालेल्या दंडाच्या नोंदी येतात, आणि शेवटी बहुधा आईने किंवा पत्नीने लिहिलेली पत्रे असतात. ‘बेपत्ता’ म्हणून नोंदलेल्यांच्या बाबतीत रेड क्रॉसने त्यांच्या सोबत्यांकडे केलेल्या चौकशीची कागदपत्रे कॅनबेरातील युद्धस्मारकाने जपली आहेत. जुनी वर्तमानपत्रेही वाचायला मिळतात. आमच्या गटात उसाच्या मळ्यांच्या भागातून आलेली एक मुलगी होती. तिने निवडलेला सैनिक तिच्याच भागातला, ऊसतोडणीचे काम करणारा, ३१व्या पलटणीतला होता आणि जुलै १९१६ मध्ये फ्रोमेलच्या लढाईत बेपत्ता झाला होता. त्याच्या आईने लष्कराला लिहिलेल्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता: त्याच्या वस्तूंपैकी काही सापडले आहे का? मुलीने ती पत्रे स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेतली होती. पराक्रमाची विशेषणे गोळा करण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड असते, आणि एवढ्यासाठीच ही स्पर्धा मला मोलाची वाटते.

लंडनमधील मुक्काम संग्रहालये पाहण्यात गेला. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण काचेमागची बंदूक आणि शेतातली लढाईची जागा यांतला फरक मुलांना बेल्जियममध्ये पोहोचल्यावरच जाणवला.

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातील ईप्र हे गाव युद्धात जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाले होते आणि नंतर जुन्या रूपात पुन्हा उभारले गेले. गावाच्या पूर्वेच्या वेशीवर १९२७ साली बांधलेले मेनिन गेट आहे. ज्यांचे अवशेष सापडले नाहीत किंवा ओळखता आले नाहीत अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे या कमानीच्या भिंतींवर कोरलेली आहेत आणि त्यांत सहा हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन आहेत. रोज रात्री आठ वाजता वाहतूक थांबवून येथे बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही मृत सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवली जाते. ही प्रथा १९२८ पासून चालू आहे. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याच्या काळात तेवढा खंड पडला. समारंभ संपल्यावर मी मुलांना भारतीय पलटणींची नावे असलेल्या भागाकडे नेले. ऑस्ट्रेलियन सैन्य पश्चिम आघाडीवर, म्हणजे फ्रान्स-बेल्जियमच्या या रणभूमीवर, १९१६ मध्ये आले, तर भारतीय सैन्य १९१४ च्या ऑक्टोबरपासूनच येथे लढत होते, हे आमच्या गटातील कुणालाही ठाऊक नव्हते. त्यांच्या पाठ्यपुस्तकात ते नाही, आणि दुःख याचे की आपल्याकडच्या मुलांनाही ते क्वचितच सांगितले जाते.

दुसऱ्या दिवशी टाईन कॉटची दफनभूमी पाहिली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची ही जगातील सर्वांत मोठी दफनभूमी. येथे जवळजवळ १२ हजार सैनिक पुरलेले आहेत आणि त्यांपैकी आठ हजारांहून अधिक जणांची ओळख पटलेली नाही. अशा शिळेवर नावाऐवजी ‘महायुद्धातील एक सैनिक’ एवढेच लिहिलेले असते. ज्यांची ओळख पटली त्यांच्या कुटुंबाला शिळेवर ६६ अक्षरांपर्यंत मजकूर कोरून घेण्याची मुभा होती. मुले रांगेने ते मजकूर वाचत गेली. काही ठिकाणी बायबलमधील वचन होते, काही ठिकाणी फक्त घरच्यांनी लाडाने ठेवलेले नाव होते. त्या ६६ अक्षरांत काय लिहावे यावर एखाद्या घरात किती रात्री बोलणे झाले असेल, असा विचार माझ्या मनातून जाईना.

फ्रोमेल हे फ्रान्सच्या उत्तरेचे अगदी लहान गाव आहे. १९ जुलै १९१६ च्या संध्याकाळी येथे ऑस्ट्रेलियाच्या ५व्या डिव्हिजनने हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत त्यांचे ५,५३३ सैनिक मृत, जखमी, बेपत्ता किंवा कैद झाले. सपाट, उघडे रान. समोर थोड्याशा चढावर मजबूत जर्मन मोर्चे. जागेवर उभे राहिले की नकाशा लागत नाही, काय झाले असेल ते डोळ्यांना दिसते. व्ही. सी. कॉर्नर या तिथल्या दफनभूमीत ओळख न पटलेले ४१० ऑस्ट्रेलियन एकत्र पुरलेले आहेत, त्यामुळे तेथे एकही समाधिशिळा नाही. हिरवळीत जमिनीलगत आडवे ठेवलेले दोन मोठे क्रूस, गुलाबांची झाडे आणि मागे नावांची भिंत एवढेच आहे. आमच्या विद्यार्थिनीचा ऊसतोड सैनिक याच भिंतीवर होता. तिने त्याच्याविषयी बोलताना कुठलाही मोठा शब्द वापरला नाही. तो कुठे जन्मला, कोणत्या मळ्यात काम करी, किती लवकर त्याला आघाडीवर पाठवले गेले आणि त्याच्या आईने किती वर्षे पत्रे लिहिली, एवढेच तिने सांगितले, आणि शेवटी आईच्या पत्रातील दोन ओळी वाचल्या. सोबतच्या मार्गदर्शकाने नावाच्या अक्षरांत ओली वाळू भरली, म्हणजे छायाचित्रात ती नीट उठून दिसतात.

गावातच फेझंट वूड नावाची नवी दफनभूमी आहे. लढाईनंतर जर्मनांनी पुरलेल्या सैनिकांची सामूहिक कबर येथील झाडीजवळ असली पाहिजे, हे मेलबर्नमधील लँबिस एन्ग्लेझोस या शिक्षकाने कागदपत्रांच्या आधारे वर्षानुवर्षे मांडले, आणि अखेर २००९ मध्ये २५० सैनिकांचे अवशेष तेथून बाहेर काढण्यात आले. वंशजांच्या डीएनएशी ताडून त्यांतील दीडशेहून अधिक ऑस्ट्रेलियनांना त्यांची नावे परत मिळाली आहेत. एका शिक्षकाच्या चिकाटीमुळे नव्वद-पंचाण्णव वर्षांनी माणसे सापडतात, ही गोष्ट मी मुलांना थांबून, सविस्तर सांगितली.

फ्रोमेलपासून नव्ह शापेल जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर आहे. तेथे थांबावे अशी विनंती मी आधीपासून केली होती आणि ती मान्य झाली याचा मला फार आनंद आहे. ला बाँब नावाच्या चौरस्त्यावर, शेतांच्या मधोमध, भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. हर्बर्ट बेकर यांनी रचलेली गोलाकार भिंत, दगडी जाळ्या, आणि समोर अशोकस्तंभाची आठवण करून देणारा सुमारे १५ मीटर उंचीचा कमळशीर्ष स्तंभ, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ. स्तंभावर ईश्वर एक आहे आणि विजय त्याचाच, अशा आशयाचा मजकूर इंग्रजी, अरबी, देवनागरी आणि गुरुमुखी लिपींत आहे. फ्रान्सच्या त्या सपाट रानात देवनागरी अक्षरे समोर आली तेव्हा मला काही वेळ बोलता आले नाही. १० ते १३ मार्च १९१५ च्या लढाईत हल्ला करणाऱ्या फौजेचा जवळजवळ निम्मा भाग भारतीय होता. ज्यांना कबर लाभली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे येथे आहेत.

याच गावावर त्याआधी, २८ ऑक्टोबर १९१४ रोजी, ४७व्या शीख पलटणीबरोबर ३ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २०व्या आणि २१व्या कंपनीने हल्ला केला होता. हे सॅपर म्हणजे पुण्याच्या खडकीचे. आजचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप तो हाच. खंदक खणणे, तारा कापणे, पूल बांधणे ही ज्यांची मुख्य कामे, ते त्या दिवशी पायदळासारखे संगिनी लावून गावात शिरले आणि घराघरांतून लढले. कुमक न पोहोचल्यामुळे त्यांना मागे यावे लागले आणि दोन्ही कंपन्यांची भयंकर हानी झाली. भिंतीवर सॅपर्सची नावे शोधताना ओळखीची मराठी आडनावे दिसू लागली. रोमन लिपीत, इंग्रज कारकुनाने कानाला जसे लागले तसे लिहिलेली, तरी वाचता क्षणी ओळखू येणारी.

स्मारकाच्या नोंदवहीत भारतीय सैनिकांच्या नावापुढे बऱ्याचदा वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. ती वही पाहताना ऊसतोड सैनिकाचा शोध घेणाऱ्या मुलीने मला विचारले, “या माणसांच्या फाइली कुठे वाचायला मिळतील?” मला सांगावे लागले की ऑस्ट्रेलियन सैनिकांची आहे तशी, साध्या शिपायापर्यंत पोहोचणारी आणि घरबसल्या उघडता येणारी सेवानोंद या माणसांच्या बाबतीत आपल्याला मिळत नाही. वडिलांचे नाव आणि गाव, एवढ्यावरच बहुतेक वेळा थांबावे लागते. माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. अशा पाट्या साताऱ्यात आणि कोकणात अनेक गावांत आढळतात. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असे त्यांवर लिहिलेले असते. संख्या असते, नाव एकही नसते. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाने ४६ माणसे त्या युद्धात गमावल्याची आठवण अभिमानाने जपली आहे, परंतु पुष्कळ ठिकाणी ती पाटी रंगाच्या थराखाली गेली आहे. इथे फ्रान्समध्ये गावे होती, नावे होती. तिथे साताऱ्यात संख्या होती. या दोन्हींची गाठ घालून देणारे कुणी नव्हते, आणि हे काम एखाद्या नववीच्या विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगे आहे, हे मला त्या भिंतीपाशी लख्ख कळले.

पुढे फ्रान्समधील सॉम नदीच्या खोऱ्यात पोझिएर या गावी गेलो. येथे १९१६ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सात आठवड्यांहून कमी काळात ऑस्ट्रेलियाचे २३ हजार सैनिक मृत किंवा जखमी झाले. क्वीन्सलँडच्या ९व्या पलटणीचा जॉन लीक याने २३ जुलैला येथेच व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचे सर्वोच्च ब्रिटिश पदक मिळवले. गावाजवळच्या जुन्या पवनचक्कीच्या जागी आज फक्त मातीचा उंचवटा उरला आहे आणि सभोवार पिके उभी असतात. आमच्यापैकी दोघांनी येथे आपापल्या सैनिकांविषयी सांगितले. त्यांतील एक पंचवीसव्या पलटणीतला, आधी शाळामास्तर असलेला होता, म्हणून माझ्या अधिक लक्षात राहिला.

अँझॅक दिनाची पहाट विलेर-ब्रेतोनो येथे उगवली. हे गाव ऑस्ट्रेलियन सैन्याने २४-२५ एप्रिल १९१८ च्या रात्री पुन्हा जिंकून घेतले. युद्धानंतर मेलबर्नकडील शाळकरी मुलांनी जमवलेल्या पैशांतून येथली शाळा पुन्हा बांधली गेली आणि तिच्या अंगणात ‘ऑस्ट्रेलियाला विसरू नका’ अशी पाटी आजही आहे. गावाबाहेरच्या टेकडीवरील ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय स्मारकाच्या भिंतीवर फ्रान्समध्ये मरण पावलेल्या आणि कबर नसलेल्या १० हजार ७०० हून अधिक ऑस्ट्रेलियनांची नावे आहेत. स्मारकाचे वास्तुकार एडविन लटयेन्स, म्हणजे ज्यांनी दिल्लीचे इंडिया गेट उभारले तेच. १९३८ मध्ये उद्घाटन झाल्यावर दोनच वर्षांत दुसऱ्या महायुद्धातील गोळ्या या दगडांना लागल्या आणि ते वण तसेच ठेवले आहेत. हजारो माणसे अंधारात, थंडीत उभी होती. बिगूल वाजला, नंतर मौन झाले, आणि उजाडू लागल्यावर मुलांनी भिंतीवरची नावे शोधायला सुरुवात केली.

परत आल्यावर नव्ह शापेलच्या नोंदवहीतील सॅपर्सपैकी ज्यांच्यापुढे सातारा, पुणे किंवा रत्नागिरी जिल्ह्यातील गाव लिहिलेले आहे, अशांची तालुकावार यादी मी तयार करू लागले आहे. इंग्रजी वर्णांतून गावाचे खरे नाव ओळखणे हे त्यातले सर्वांत किचकट काम, आणि त्यासाठी तिथल्या माणसांचीच मदत लागते. सातारा जिल्ह्यातील माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेला मी तिच्या तालुक्याची पाने पाठवली आहेत. तिच्या नववीच्या वर्गाने पाटी असलेल्या गावांची नोंद घ्यायला सुरुवात केली असून, त्या गावांतील जुन्या घरांत सैन्यातील पदके, पेन्शनचे कागद किंवा पत्रे जपलेली आहेत का, याची विचारपूस मुले सुट्टीत करणार आहेत.