पिस्तुलाच्या फिनिशवरच्या खुणा होल्स्टरबद्दल काय सांगतात

पिस्तूल रोज कमरेला लावत असाल तर महिन्यातून एकदा ते चांगल्या उजेडात धरून फिनिश कुठे कुठे गेलंय ते बघा. काळा थर उडून धातू कुठे चमकायला लागलाय, यावरून होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान) कसं बसतंय, आत काय घासतंय, घाम कुठून शिरतोय हे सगळं कळतं. सुरक्षितता गंभीर आणि फिनिश म्हणजे हौस, अशी वाटणी बरेच जण करतात. मला ती पटत नाही. दोन्हींची दुखणी बहुतेक वेळा एकाच जागी सुरू होतात: पिस्तूल आणि होल्स्टर एकमेकांना टेकतात तिथे.

बघायला घेण्याआधी पिस्तूल रिकामं करा आणि क्रम चुकवू नका. आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायचं. मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबरमधलं (नळीच्या मागच्या घरातलं) काडतूस बाहेर पाडायचं, स्लाइड मागेच अडकवून ठेवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीच्या टोकाने चाचपायचं. स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन नंतर काढलं, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये घालते. मग रिकामं समजून हातात धरलेलं पिस्तूल भरलेलं असतं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. साफसफाईच्या टेबलावर एकही नको.

आता खुणा वाचू. नळीच्या तोंडाशी, स्लाइडच्या पुढच्या कडांवर आणि ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) दोन्ही अंगांना सारखी झीज असेल तर ती रोजच्या वापराची आहे, तिचं काही वाईट वाटून घेऊ नका. कायडेक्सचं (एका कडक प्लास्टिकचं) होल्स्टर बहुधा ट्रिगर गार्डलाच पकडतं, त्यामुळे तिथे चकाकी येणारच. एकाच बाजूला झीज जास्त असेल तर पिस्तूल एका अंगाला लवंडतंय. कारण बहुतेक वेळा पट्टा असतो. साधारण 38 मिलिमीटर रुंद आणि वजनाने न वाकणारा पट्टा हवा. मऊ पट्ट्यावर चांगलं होल्स्टरसुद्धा डुलतं.

स्लाइडच्या लांबीत समांतर ओरखडे दिसले तर आत धूळ किंवा वाळू अडकली आहे. दोष कायडेक्सला दिला जातो, पण ते पोलादापेक्षा कितीतरी मऊ असतं. त्याच्या भिंतीत रुतलेले कण काचकागदाचं काम करतात. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब घालून होल्स्टर आतून मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळवून मगच वापरा. पकड कमी-जास्त करणारे स्क्रूही तेव्हाच तपासा. रोजच्या हालचालीने ते सैल होतात. नंतर सोडवता येईल अशा निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक लहान थेंब पुरतो.

एक खूण मात्र अशी की ती दिसताच होल्स्टर बाजूला ठेवायचं: खुद्द ट्रिगरवर घासल्याची खूण. याचा अर्थ होल्स्टरचा काही भाग ट्रिगर गार्डच्या आत जातोय. चामड्याची जुनी होल्स्टर इथेच दगा देतात. तेल आणि घाम पिऊन चामडं मऊ पडतं, तोंडाची कड आत दुमडते, आणि पिस्तूल परत घालताना ती दुमड ट्रिगरच्या पुढ्यात येते. वरून दाबलं की ट्रिगर मागे सरकतो आणि गोळी सुटते. अशा होल्स्टरला शिवण घालून किंवा पॉलिश करून उपयोग नाही, ते बदलायचंच.

चांगल्या होल्स्टरची परीक्षा अवघड नाही. ते दोन्ही बाजूंनी ट्रिगर पूर्ण झाकतं, आणि ते झाकण बाहेरून बोट दाबलं तरी ट्रिगरला लागत नाही. पिस्तूल काढल्यावर त्याचं तोंड मिटत नाही. रिकामं पिस्तूल आत घालून, गादीवर धरून ते उलटं करा आणि हलवा. पडता कामा नये. खिशात पिस्तूल ठेवायचं असेल तरी खिशाच्या होल्स्टरमध्येच, आणि त्या खिशात किल्ली, नाणं, पेन काहीही नको.

सगळ्यात धोक्याचा क्षण पिस्तूल बाहेर काढण्याचा नसतो, परत घालण्याचा असतो, कारण तेव्हा लक्ष सुटलेलं असतं. परत घालायला घाई करण्याचं काहीही कारण नाही. बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, फ्रेमवर सरळ. दुसऱ्या हाताने शर्ट, जॅकेट पूर्ण बाजूला. जॅकेटच्या तळाशी असलेली नाडी आणि तिचं प्लास्टिकचं बोंड ट्रिगर गार्डमध्ये शिरू शकतं, म्हणून नजर होल्स्टरच्या तोंडावर हवी. बाहेर हॅमर (मागचा घोडा) असलेल्या पिस्तुलात अंगठा हॅमरवर ठेवा. ट्रिगरला काही लागून हॅमर उठायला लागला तर अंगठ्याला आधी कळतं. हॅमर नसेल तर अंगठा स्लाइडच्या मागच्या टोकावर, म्हणजे होल्स्टरच्या घट्टपणामुळे स्लाइड मागे सरकत नाही. जरा जरी अडलं, तर जोर लावू नका. बाहेर काढा, बघा, मग पुन्हा. पोटासमोर लावण्याच्या होल्स्टरसाठी तर माझं ठाम मत आहे की होल्स्टर अंगावरून काढून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून पिस्तूल त्यात बसवावं आणि मग दोन्ही एकत्र कमरेला लावावीत.

हातातून पिस्तूल निसटलं तर ते पडू द्या. आधुनिक पिस्तुलांत फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई) अडवणारी यंत्रणा सहसा असते, त्यामुळे चांगल्या स्थितीतलं पिस्तूल पडून सुटण्याची शक्यता फार कमी असते. हवेत झेलायला गेलेलं बोट मात्र नेमकं ट्रिगरवर पडू शकतं. जुन्या सिंगल अॅक्शन (दर वेळी हॅमर हाताने मागे ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरची गोष्ट निराळी. कोल्ट कंपनीच्या 1873 च्या रचनेत हॅमरवरचीच पिन काडतुसाच्या प्रायमरला (बुडाशी असलेल्या, आघाताने पेटणाऱ्या टिकलीला) टेकते, आणि हॅमरवर आघात झाला की गोळी सुटते. म्हणून सहा घरांच्या अशा रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसं भरून हॅमरखाली रिकामं घर ठेवायचं असतं. रूगर कंपनीने 1973 मध्ये आपल्या सिंगल अॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रान्सफर बार आणला तो याच कारणासाठी. ट्रिगर मागे दाबलेला असेल तरच हा बार हॅमर आणि पिनच्या मध्ये येतो.

रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी पुन्हा भरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये गेलं की त्यातली गोळी आदळून थोडी थोडी आत सरकते. आतली जागा कमी होते आणि उडवताना दाब धोकादायक वाढू शकतो. ते काडतूस नव्या काडतुसाशेजारी सपाट पृष्ठभागावर उभं करा. बुटकं दिसलं तर वापरू नका. होल्स्टर चांगलं असेल तर रात्री भरलेलं पिस्तूल होल्स्टरसकट काढून कुलूपबंद पेटीत ठेवणं मला जास्त बरं वाटतं. हाताळणी जितकी कमी तितकी चूक कमी. त्यात एकच पथ्य आहे, ते चामड्याबद्दल, पुढे येईल.

फिनिशचं जपणं त्याच्या जातीवर आहे. ब्लूइंग म्हणजे रंग नव्हे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण 140 अंश सेल्सिअसच्या द्रावणात पोलादाच्या पृष्ठभागाचं मॅग्नेटाइट होतं, तोच तो काळा-निळा थर. तो फार पातळ असतो आणि स्वतःहून गंज फारसा अडवत नाही. त्यात धरून राहिलेलं तेल अडवतं. तो स्वतः लोहाचा ऑक्साइड असल्यामुळे गंज काढणारं कुठलंही आम्ल, अगदी व्हिनेगरसुद्धा, ब्लूइंगही उतरवतं. शिसं पुसायची रासायनिक फडकीही तेच करतात. ती ब्लू केलेल्या भागावर लावू नका. फॉस्फेटचं फिनिश खडबडीत आणि सच्छिद्र असतं, ते तेल जास्त धरतं. निकेलच्या थराखाली अनेकदा तांब्याचा थर असतो. निकेलला कुठे चीर गेली असेल तर अमोनिया असलेलं सॉल्व्हंट आत शिरून तांबं खातं आणि निकेल पापुद्र्यासारखं सुटतं. 550 अंशांच्या वर तापवून केलेलं नायट्राइडचं फिनिश रोजच्या वापराला मला सर्वांत भरवशाचं वाटतं, कारण तो वरून चढवलेला थर नसून धातूच कडक झालेला असतो. आणि स्टेनलेस गंजत नाही हा समज सोडा. घामातलं मीठ त्यालाही टोचून लहान खड्डे पाडतं, विशेषतः ग्रिपच्या (मुठीच्या) पट्ट्यांखाली आणि स्क्रूंच्या डोक्यांशी, जिथे ओल अडकून राहते.

अंगालगत लावलेल्या पिस्तुलाची आतली बाजू उन्हाळ्यात रोज पुसायला हवी. आधी कोरड्या सुती फडक्याने घाम टिपा, मग दोन थेंब तेल मुरवलेल्या फडक्याने बाहेरून हात फिरवा. बोटाला ओलसर लागेल इतकं तेल नको. जास्तीचं तेल कपड्यांची लव गोळा करतं, चामडं मऊ करतं आणि झिरपून प्रायमर निकामी करू शकतं. पाणी हटवणारे स्प्रे भिजलेल्या पिस्तुलाला पहिल्या हाताला ठीक. त्यांचा थर टिकत नाही, नंतर खरं तेल लावावंच लागतं. थंडीतून उबदार खोलीत आलं की धातूवर दव धरतं, आतल्या भागांवरही. तेव्हा सुटे भाग उघडून पुसा.

ब्लूइंगवर तांबूस टिपका दिसला तर खरवडू नका. त्यावर तेलाचा थेंब अर्धा तास मुरू द्या, मग 0000 नंबरच्या स्टील वूलने (पोलादाच्या बारीक तारांच्या बोळ्याने), तेल असतानाच, वजन न देता फिरवा. गंज वर येतो, खालचं ब्लूइंग बहुतेक वाचतं. खड्डा पडला असेल तर तो राहणार. वाढू द्यायचा नाही एवढंच हातात आहे. कोल्ड ब्लूइंगची बाटली लहान जागेपुरती चालते, पण तो थर लवकर झिजतो. त्यात सहसा सेलेनियमचं विषारी संयुग असतं, म्हणून हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा.

आता ते चामड्याचं पथ्य. चामडं हवेतली ओल आणि तुमचा घाम शोषून धरतं, त्यात कमावण्याची रसायनंही असतात. वापरापुरतं ठीक, पण त्यात पिस्तूल आठवडाभर ठेवलं तर पोलादावर चामड्याच्या आकाराचा गंज उमटतो. फोमच्या पेट्याही तशाच. ठेवणीतलं पिस्तूल रिकामं करून, हलका तेलाचा हात देऊन, सिलिकॉन लावलेल्या कापडी मोज्यात घालून कुलूपबंद कपाटात ठेवा. आत आर्द्रतामापक हवा. काटा 40 ते 50 टक्क्यांत ठेवा. वर गेला तर गंज, फार खाली गेला तर लाकडी ग्रिपला भेगा. सिलिका जेलचा रंग बदलला की त्याने आणखी ओल घेणं थांबवलेलं असतं. साधारण 120 अंशांवर दोन-तीन तास तापवलं की ते पुन्हा कामाला येतं.