आप्पांच्या बॅटरीसाठी सेल निवडताना

आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, तेव्हा आधीच सांगतो, खाली बॅटरी म्हणजे टॉर्च आणि आत घालतो तो सेल.

आप्पा उसाला पाणी पाजतात. शेतीची थ्री फेज लाईट आमच्या गावात पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, त्यामुळे रात्रपाळी असली की बारा-एकला उठून मोटर चालू करायची आणि पहाटेपर्यंत दारं धरत, म्हणजे एका सरीतलं पाणी दुसरीत वळवत बसायचं. गेल्या वर्षी बांधावर घोणस निघाली, पायापासून हातभर अंतरावर, आणि नेमका तेव्हा हातातल्या बॅटरीचा उजेड मंद होत चालला होता. हे त्यांनी मला आठ दिवसांनी फोनवर सहज बोलता बोलता सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, दुसऱ्या दिवसापासून मी याच कामाला लागलो.

ती जुनी बॅटरी तीन बारीक पेन्सिल सेलची, म्हणजे एएए, प्लॅस्टिकच्या गोल डब्यात तीन सेल बसतात ती. एक जरी सेल उतरला तरी तिन्हींचा दम जातो आणि तीन सेल म्हणजे पत्र्याची सहा टोकं, एकाला गंज चढला की संपलं. मी हिशोब केला, चार्जिंगवाला एएए साधारण ८०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) आणि १.२ व्होल्ट, म्हणजे तिन्ही मिळून २.९ वॉट-अवर, ही साठलेली एकूण ऊर्जा. त्यापेक्षा जरा जाड पेन्सिल सेल, एए, एकटाच २००० एमएएचचा घेतला तरी २.४ भरतात. म्हणजे तीन सेलच्या खटपटीतून मिळतं काय, तर जवळजवळ काहीच नाही.

मग १८६५० नावाचा सेल कळला. नावातच माप आहे, १८ मिलीमीटर जाड, ६५ लांब, शेवटचा शून्य गोल आकाराचा. लिथियम-आयन असल्यामुळे ३.६ व्होल्ट, ३००० एमएएचचा घेतला तर १०.८ वॉट-अवर, म्हणजे एएच्या साडेचारपट ताकद आणि वजन जेमतेम ४६-४७ ग्रॅम. त्याहून मोठा २१७०० सुद्धा आहे, ५००० एमएएचपर्यंत मिळतो, पण सेलच ७० ग्रॅमचा आणि बॅटरी हातात जाड लागते. दार मोडताना खोऱ्याला दोन्ही हात लागतात, तेव्हा आप्पा बॅटरी काखेत धरतात, आणि जाडजूड बॅटरी तिथून निसटते. (डोक्याला बांधायची आणून दिली होती, पण सगळी चिलटं तोंडावर येतात म्हणून ती गोठ्यातच टांगलेली असते.)

मला खरा मोह झाला तो १४५०० या सेलचा. माप अगदी पेन्सिल सेलचं पण आत लिथियम, आणि काही बॅटऱ्यांमध्ये दोन्ही चालतात, म्हणजे लिथियम उतरला की दुकानातला साधा पेन्सिल सेल घाला. ऑर्डर करणारच होतो, तेवढ्यात घरातलं भिंतीवरचं घड्याळ डोळ्यासमोर आलं. आई घड्याळाचा सेल संपला की ड्रॉवरमधला कुठलाही उचलून घालते. १४५०० पूर्ण चार्ज असला की ४.२ व्होल्ट देतो, १.५ च्या जागी तो गेला तर घड्याळ, रिमोट काहीही जळू शकतं. मला वाटतं ज्या घरात सेल सगळ्यांच्या हाताखाली असतात तिथे हा आणूच नये. १८६५० घरातल्या दुसऱ्या कशात बसतच नाही, हाच मला त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटला.

इथेही पहिल्यांदा फसलो. सेलवर ९९०० एमएएच छापलेलं, किंमत कमी, बॅटरी पाऊण तासात बंद. किचनच्या काट्यावर ठेवला तर ३३ ग्रॅम! या मापात ३५०० च्या आसपास चांगल्या कंपन्यांची हद्द संपते, त्यामुळे ९९०० वाचूनच ठेवून द्यायला हवा होता. दुसरा सेल चांगला होता पण प्रोटेक्शन सर्किटवाला, म्हणजे बिघाड झाला तर वीज तोडणारी छोटी चकती टोकाला बसवलेला, त्यामुळे ६५ चा ६९ मिलीमीटर झालेला, मागचं झाकण दोन आटे बाहेरच राहायचं. पाणी आत जाईल म्हणून तो परत केला आणि बॅटरीची नळी मोजूनच तिसरा मागवला. गच्चीवर लावून बघितला, मधल्या उजेडावर, दीडशे लुमेनच्या (लुमेन हे उजेडाचं माप) आसपास, सात तास चालला.

आप्पांना दिला तर पहिला प्रश्न, "आरं, ह्यो सेल तालुक्याला तरी मिळंल का?"

नाही मिळत. म्हणून दोन आणले, एक बॅटरीत, एक टीव्हीशेजारी चार्जरवर, आणि रात्रपाळी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी फोन करून अदलाबदल करायला लावतो. आईला गोठ्यात जायला मात्र एका पेन्सिल सेलची छोटी बॅटरी घेतली, उजेड कमी, पण तिचा सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो आणि तो घड्याळातही चालतो.

परवा आप्पा म्हणाले, सरीच्या पार टोकापर्यंत पाणी पोचलेलं दिसतं आता, तिथवर चालत जावं लागत नाही.