‘अ समरी’नंतरचा अर्ज

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील म्हणून मी बरीच वर्षे काम करते आहे, पण त्या सोमवारी माझ्या टेबलासमोर येऊन बसलेल्या सासू-सुना माझ्या आजही डोळ्यांसमोर आहेत. रेशनकार्डावरून एक नाव कमी करायचे होते, आणि त्यासाठी लागणारे प्रतिज्ञापत्र इथे फुकट करून मिळते, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. ते नाव आजींच्या मुलाचे होते. तो एका जिनिंगमध्ये रात्रपाळीचा वॉचमन होता. अडीच वर्षांपूर्वी चोरी करायला आलेल्यांनी त्याच्या डोक्यात गज घातला आणि सकाळी तो कपाशीच्या ढिगाशेजारी मृतावस्थेत सापडला.

मृत्यूचा दाखला पाहण्यासाठी मी त्यांची प्लास्टिकची पिशवी मागून घेतली. आत शवविच्छेदन अहवाल होता, तो इतक्यांदा उलगडला गेला होता की घडीवर फाटून दोन तुकड्यांत आला होता. त्याच्या खाली न्यायालयाची एक नोटीस होती. गुन्हा खरा, परंतु आरोपी मिळून आले नाहीत, म्हणून पोलिसांनी ‘अ समरी’, म्हणजे तपास बंद करायला न्यायालयाची मंजुरी, मागितली होती, आणि त्याच कागदावर सुनेने ‘माझे काही म्हणणे नाही’ या ओळीखाली सही केली होती. ती ओळ कोणाच्या हातची होती, हे तिलाही सांगता आले नाही. “केस बंद झाली म्हणून सांगितलं, मॅडम,” एवढेच ती म्हणाली.

मी तिला विचारले, “ताई, नुकसानभरपाईचा अर्ज केला होता का?” दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. अशी भरपाई फक्त अत्याचाराच्या किंवा ॲसिड हल्ल्याच्या प्रकरणांत मिळते, असा समज गावोगावी आहे, आणि त्यात लोकांची चूक नाही. २०१३ साली राज्यात अत्याचारपीडितांसाठी मनोधैर्य योजना सुरू झाली, त्याच वर्षी ॲसिड हल्ल्यातील पीडितांना किमान ३ लाख रुपये द्यावेत, त्यांपैकी १ लाख घटनेनंतर पंधरा दिवसांत द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि या दोन्हींची चर्चा झाली. खून झालेल्या माणसाच्या घरच्यांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

पूर्वी भरपाई मुख्यतः आरोपीच्या दंडातून मिळत असे, म्हणजे आधी आरोपी सापडायला हवा आणि त्याला शिक्षाही व्हायला हवी. ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ आले आणि भरपाईचा भार राज्याने उचलला. त्याच कलमात असे स्पष्ट म्हटले आहे की, आरोपीचा माग लागला नाही आणि खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना अर्ज करता येतो. आता हीच तरतूद त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. म्हणजे ज्या कागदाला ही बाई शेवट समजत होती, तोच तिच्या अर्जाचा मुख्य आधार होता. समरीची नोटीस बजावायला गेलेल्या माणसाने हे एक वाक्य तिला सांगितले असते तर तिची मोठी मुलगी शाळेतच राहिली असती. याचा मला तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो.

अर्ज लिहायला घेतला तेव्हा आजींनी माझा हात धरला. “मॅडम, हे पैसं घेतलं तर आमी केस मिटवली आसं व्हईल का?”

मी पेन खाली ठेवले. गावात खुनानंतर पैशांवर तडजोड झाल्याचे त्यांनी पाहिले होते, आणि लेकाच्या जिवाचा तसा सौदा त्यांना करायचा नव्हता. हे पैसे मारणाऱ्याकडून नव्हे, सरकारच्या निधीतून येतात, उद्या आरोपी सापडला तर खटला पूर्ण चालेल, आणि तुमच्या सहीने त्याला माफी मिळत नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा त्यांनी मान हलवली.

पुढचे काम कागदांचे होते. सुनेच्या पासबुकावर माहेरचे नाव होते आणि आधारवर सासरचे, त्यामुळे रेशनकार्डासाठी आलेल्या बाईचे पहिले प्रतिज्ञापत्र नावासाठीच झाले. विलंब माफ करावा म्हणून वेगळा अर्ज दिला. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी असे कायदा सांगतो, पण पोलीस ठाण्याच्या अहवालासाठी आम्हाला तीन स्मरणपत्रे पाठवावी लागली आणि पाचवा महिना उजाडला. शेवटी भरपाई मंजूर झाली. काही रक्कम सुनेच्या खात्यात जमा झाली आणि उरलेली दोन्ही अल्पवयीन मुलांच्या नावे मुदत ठेवीत गेली.

ठेवीच्या पावत्या घ्यायला दोघी आल्या, तेव्हा आजींनी नातवंडांची पूर्ण नावे माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. दोन्ही नावांच्या मध्ये त्यांच्या मुलाचे नाव होते. मग त्यांनी विचारले, “आता मारणाऱ्याला शोधायचं काय?” पुढील तपास व्हावा म्हणून त्याच दुपारी आम्ही एक अर्ज तयार केला आणि आजींनी त्यावर अंगठा उठवला. त्या अर्जावर अजून उत्तर आलेले नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आजी चौकशीला येतात.