३४ आरांचा हिशेब

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काम करताना माझा बहुतेक वेळ भाऊबंदांचे बांध, पोटहिस्से आणि शेतरस्त्यांचे वाद यांत जातो. नदीने केलेले अतिक्रमण मोजण्याची पाळी क्वचितच येते. अकोला जिल्ह्यातील पूर्णाकाठच्या एका गावात ती सप्टेंबरमध्ये आली. ऑगस्टअखेरच्या पुरात एका अल्पभूधारक शेतकऱ्याच्या वावराचा नदीकडचा भाग वाहून गेला होता, आणि पंचनाम्यात क्षेत्र नेमके लिहायचे असल्यामुळे तलाठी व कृषी सहायक यांच्याबरोबर मलाही बोलावण्यात आले. नेमकेपणाला कारणही होते. केंद्राच्या २०२२-२६ या काळाच्या निकषांत शेतात गाळ साचला तर हेक्टरी १८ हजार रुपये आणि नदीचे पात्र बदलून जमीनच गेली तर हेक्टरी ४७ हजार रुपये मदत होती, त्यामुळे एकेका आराला, म्हणजे शंभर चौरस मीटरला, किंमत होती.

पहिली अडचण दगडांची. मोजणीची सुरुवात जुन्या हद्दीच्या खुणांवरून करायची असते, पण काळ्या जमिनीत पुरलेला दगड सरळ उभा सापडणे हे भाग्यच. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या रुंद, कधी मीटरभराहून खोल भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडते, पुढच्या पावसात फुगताना आजूबाजूची माती ढकलली जाते, आणि या वार्षिक हालचालीत दगड कलतो, रुततो, कधी थोडा सरकतोही. म्हणून मी एकट्या दगडावर कधीच विसंबत नाही. गावठाणाकडचे दोन दगड आणि जुन्या विहिरीचा कठडा यांचा मेळ टिपणाशी, म्हणजे जुन्या मोजणीची मापे लिहिलेल्या आराखड्याशी, बसला, तेव्हाच पुढे गेलो. ते टिपण ३३ फुटी साखळीने घेतलेले होते आणि माझ्या हातात उपग्रहांवरून जागा सांगणारा रोव्हर होता. तरीही जुन्या मोजणीदारांचे काम इतके चोख निघाले की मनोमन त्यांना नमस्कार केला.

सातबाऱ्यावर क्षेत्र १ हेक्टर ६२ आर होते. प्रत्यक्षात ३४ आर कमी भरले. नदीकाठची बाजू सुमारे १४० मीटर लांब, म्हणजे काठ सरासरी २४ मीटर आत आला होता. गाव मात्र एकमुखाने सांगत होते की पुराने आठ-दहा मीटरच खाल्ले. गावाचे खोटे नव्हते. चाळीस वर्षांपूर्वीच्या पोटहिस्सा मोजणीचा नकाशा माझ्याजवळ होता, आणि या पुराच्या आधीच्या उन्हाळ्यातले उपग्रहचित्रही मी काढून आणले होते. ती दोन्ही एकमेकांवर ठेवली तेव्हा उलगडा झाला : यंदाच्या पुरात १३ आर गेले होते, आणि उरलेले २१ आर त्या चाळीस वर्षांत, कोणत्याही एका वर्षी कोणाच्या नजरेत न भरता गेले होते. त्याचा हिशेब वर्षाला जेमतेम ३७-३८ सेंटीमीटर येतो, म्हणजे दर हंगामात नांगराचा एखादा तास, म्हणजे नांगरटीची एखादी चर, कमी पडावा एवढाच. नदीकडच्या शेवटच्या तासाची नोंद कोण ठेवतो?

वळणावर असे होणारच. पाण्याचा जोर वळणाच्या बाहेरच्या अंगाला लागतो, तिथे काठ तासला जातो. आतल्या अंगाला वेग मंद पडतो, तिथे रेती आणि गाळ बसतो. हे वावर बाहेरच्या अंगाला होते. ती जमीनही मुळात पूर्णेने आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या तिच्या उपनद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचीच आहे. या खोऱ्यात कित्येक ठिकाणी खडक लागायला शेकडो फूट खाली जावे लागते.

काठाच्या रेषेवर बिंदू घेत असताना त्या शेतकऱ्याने मला हाक मारली. "सायेब, तिकडं नोका उभं राहू. पुरात नाई गेलं माह्यं वावर, पूर उतरल्यावर गेलं." मी मागे सरलो आणि मग ते सगळ्यांसमोरच घडले. स्वच्छ ऊन होते, वारा नव्हता, दोन दिवसांपूर्वी पुन्हा दुथडी भरलेली नदी झपाट्याने उतरली होती. काठापासून दोन-अडीच हातांवर एक भेग होती. ती रुंदावली आणि तुरीच्या चार ओळींसह मातीची अख्खी भिंत पात्रात बसली. मला रोव्हरवर नुकतेच घेतलेले तीन बिंदू खोडावे लागले.

पुराचे पाणी काठाला कापते, पण तेच पाणी उभे असताना काठाला बाहेरून टेकूही देत असते. नदी उतरली की टेकू निघून जातो, आणि पाणी पिऊन जड झालेली माती उभीच्या उभी राहते. वरच्या काळ्या थराखाली चुनखडीच्या खड्यांची पिवळसर माती आणि त्याखाली रेतीचा थर होता. आत मुरलेले पाणी त्या रेतीतून नदीकडे झिरपताना कणही घेऊन जात होते, म्हणजे भिंतीचा पायाच निघून जात होता. शिवाय हा खारपाणपट्टा. इथल्या मातीत सोडियम जास्त असल्याने चिकणमातीचे कण पाण्यात चटकन सुटे होतात आणि काठावर आतल्या आत भुयारे पडतात. शेतकऱ्याने यातला एकही शब्द उच्चारला नव्हता, पण त्याचे निरीक्षण अचूक होते.

परतताना कृषी सहायकांनी आणखी एक हिशेब मांडला. देशात मातीची धूप सरासरी हेक्टरी वर्षाला सुमारे १६ टन धरतात, म्हणजे अंदाजे सव्वा मिलिमीटरचा थर. हे नुकसान काठाला हात न लावता, वावराच्या मधूनच होते, आणि ते माझ्या कोणत्याही उपकरणात येत नाही, कारण क्षेत्र तेवढेच राहते. एरवी आमच्या भागात जमीन बदलण्याची गोष्ट निघाली की लोक लोणारचेच नाव घेतात. तिथे अशनीने काही क्षणांत सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाडले, हे खरेच. पण तेव्हापासून ते विवर कडांवरून वाहून येणाऱ्या गाळाने भरतच आले आहे, हे कोणी सांगत नाही.

पंचनाम्याच्या नमुन्यात नुकसानीची तारीख लिहावी लागते. १३ आरांना तारीख होती, २१ आरांना नव्हती. मी रकान्यात १३ लिहिले, दोन्ही नकाशांचा हवाला देऊन २१ आर शेऱ्यात घातले, आणि आकारणी व क्षेत्र दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज करायला शेतकऱ्याला सांगितले. जमीन वाहून जाण्याची आणि नदीच्या गाळाने नव्याने तयार झालेल्या मळईच्या जमिनीची, अशा दोन्हींची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे. त्याने समोरच्या काठाकडे बोट दाखवले, जिथे रेताड गाळावर कोणीतरी वाडी लावली होती, आणि विचारले, "ते मोजसान का?" त्यासाठी पलीकडच्या गावाचे टिपण लागेल, असे मी सांगितले. त्या टिपणाच्या नकलेची मागणी मी आठवडाभरात पाठवली आहे.