रकान्यात न लिहिलेले कारण

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी गेली काही वर्षे जपानी शिकवते. प्रवेशाच्या अर्जात मी एक रकाना ठेवला आहे: ‘जपानी का शिकायचे आहे?’ बहुतेक मुले आई किंवा वडील शेजारी बसलेले असताना तो भरतात, आणि त्यात ‘नोकरीसाठी’ किंवा ‘जपानला जाण्यासाठी’ याहून अधिक काही नसते. चार-सहा तास होतात, ओळख वाढते, आणि मग एखाद्या दिवशी वर्ग सुटल्यावर चपला घालता घालता कोणीतरी हळू आवाजात सांगते की खरे तर ‘नारुतो’ ही जपानी कार्टून मालिका पाहून शिकावेसे वाटले, किंवा एक गेम आहे, तो इंग्रजीत आलेलाच नाही. ते सांगताना त्यांच्या आवाजात जो संकोच असतो, त्याबद्दल मला आज लिहायचे आहे.

अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून, पाहणाऱ्या आणि गेम खेळणाऱ्या मुलांना जपानी खरोखरच शिकायची असते का, असा प्रश्न मला पालक विचारतात, आणि भाषा शिकवणारे सहकारीही विचारतात. विचारण्याच्या सुरातच बहुधा उत्तर ठरलेले असते. ही मुले हौसेने येतात, हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारदर्शक लिप्या संपेपर्यंत टिकतात आणि कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरे, सुरू झाली की पांगतात, असे समजले जाते. मीही अनेक वर्षे हेच समजत होते. पूर्वी मी ज्या शिकवणीवर्गात शिकवत असे, तिथे तर अशा मुलांना वेगळ्या तुकडीत बसवत आणि ‘नोकरीवाल्यां’कडे अधिक लक्ष देत. त्यामागे हिशेब होता. जपानने एप्रिल २०१९ पासून ‘विशिष्ट कौशल्य’ प्रकारचा व्हिसा देण्यास सुरुवात केली, त्यासंबंधी भारताशी जानेवारी २०२१ मध्ये सहकार्याचा करार झाला, आणि या व्हिसासाठी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४, म्हणजे खालून दुसरी, पातळी किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. त्यामुळे भाषेला थेट पगाराची जोड मिळाली, आणि हौसेने येणारा विद्यार्थी दुय्यम ठरला.

आता मी म्हणते की होय, त्यांना शिकायची असते. मात्र सर्वांनाच असते असे नाही. हंगामा वाहिनीवर हिंदी बोलणाऱ्या डोरेमॉनबरोबर जी पिढी वाढली, तिला नोबिता हिंदीतच आपला वाटतो, आणि त्यात काहीच गैर नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’चा चित्रपट भारतात जपानीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही लागला, तेव्हा माझ्याकडच्या काही मुलांनी तो आनंदाने हिंदीत पाहिला, तर दोघे तो जपानीतच पाहायचा म्हणून पुण्याला गेले. ज्याला गोष्ट हवी असते तो डबिंगवर समाधानी असतो. भाषेकडे वळतो तो ज्याला गोष्टीतले काहीतरी आपल्यापर्यंत पोचत नाही असे जाणवलेले असते.

हे ‘काहीतरी’ म्हणजे काय, ते मराठी माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळी पात्रे ‘आय’ आणि ‘यू’ एवढ्यावरच बोलतात. मूळ संवादात मात्र एक मुलगा स्वतःला ‘बोकु’ म्हणतो, दुसरा ‘ओरे’ म्हणतो, म्हातारा ‘वाशि’ म्हणतो, आणि समोरच्याला कोणी ‘आनाता’ म्हणतो, कोणी ‘ओमाए’, तर कोणी ‘किसामा’. दोन वर्गमित्र अनेक भागांपर्यंत एकमेकांना आडनावापुढे ‘सान’ किंवा ‘कुन’ लावून हाक मारतात, आणि एका भागात त्यांच्यापैकी एकाच्या तोंडून नुसते नाव निघते. सबटायटलमध्ये तेथे काहीच घडत नाही, पण जपानी प्रेक्षकासाठी तोच त्या भागाचा प्राण असतो. ‘अहो’वरून ‘अरे’वर येणे ही केवढी मोठी गोष्ट असते, हे ज्या भाषेत सर्वांना ठाऊक आहे, त्या भाषेतल्या मुलाला येथे काहीतरी हरवले आहे हे लवकर कळते. ‘सेनपाइ’ या शब्दाचा अर्थ मी वर्गाला सांगू लागले, तेव्हा गंगावेशीकडून येणारा एक मुलगा म्हणाला, “म्हणजे तालमीतला थोरला पैलवान. वस्ताद नव्हे, वस्ताद म्हणजे सेन्सेइ.” त्यात मला भर घालावी लागली नाही.

गेम खेळणाऱ्यांची वाट थोडी निराळी आहे, आणि शिक्षिका म्हणून मला ती अधिक मोलाची वाटते. अ‍ॅनिमेतला संवाद वाहून जातो. गेममधले वाक्य मात्र आपण बटण दाबेपर्यंत पडद्यावर थांबून राहते, आणि ते कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘पोकेमॉन’चे पहिले गेम जपानमध्ये १९९६ मध्ये निघाले, तेव्हा त्यांतला मजकूर पूर्णपणे कानात, म्हणजे त्या दोन उच्चारदर्शक लिप्यांत, शब्दांमध्ये जागा सोडून लिहिलेला होता, आणि कांजीचा पर्याय या मालिकेत २०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मध्ये प्रथम आला. लहान मुलांसाठी आणि जुन्या पडद्याच्या मर्यादेमुळे केलेली ती सोय आज परदेशातल्या नवशिक्याला वाचनाच्या पहिल्या पुस्तकासारखी उपयोगी पडते. ‘मदर ३’ हा गेम २००६ मध्ये जपानमध्ये निघाला आणि त्याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती कधीच आली नाही. अखेर चाहत्यांनीच तो भाषांतरित करून २००८ मध्ये सर्वांसाठी खुला केला. ज्यांना जपानी शिकायची नसते, ती माणसे एवढे कष्ट घेत नाहीत.

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत काम करणाऱ्या गृहस्थांचा अकरावीतला मुलगा माझ्याकडे येतो. पहिल्याच आठवड्यात त्याने मला आपली वही दाखवली. तिच्यात गेमच्या पडद्यावरचे शब्द, त्याला जसे ऐकू आले तसे, देवनागरीत लिहिलेले होते. एका पानावर एकाखाली एक दोन शब्द होते: ‘हाजिमेकारा’ आणि ‘त्सुझुकिकारा’. दोन्हींतल्या ‘कारा’खाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले होते. मी त्याला एवढेच सांगितले की ‘कारा’ म्हणजे आपले ‘पासून’. त्याने काही क्षण वहीकडे पाहिले आणि स्वतःच म्हणाला, “सुरुवातीपासून, आणि राहिलंय तिथपासून.” मग त्याने विचारले की जपानीत ‘पासून’ हे मराठीसारखेच मागे लागते का. व्याकरणाच्या पुस्तकात शब्दयोगी अव्ययांचा धडा शिकवून झाल्यावरही हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

मराठी मुलाला जपानी किती जवळची आहे, हे येथे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. प्रश्न विचारताना शेवटी ‘का’ लागतो, आणि तो अगदी आपलाच ‘का’ वाटतो: ‘इकिमासु का’ म्हणजे ‘जाता का’. आपण ‘खाऊन बघ’ म्हणतो, ते म्हणतात ‘ताबेते मिते’, आणि त्यातही दुसरे क्रियापद ‘बघणे’ हेच असते. ‘करून ठेवणे’साठी ‘शिते ओकु’ आहे, ‘खाऊन टाकणे’साठी ‘ताबेते शिमाउ’ आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला या रचना एकेक करून पाठ कराव्या लागतात. आपल्याकडच्या मुलाला त्या ओळखीच्या वाटतात. वर्णमालासुद्धा परकी नाही. अ-इ-उ-ए-ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व हा तिचा क्रम जपानमधल्या बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृतच्या आणि सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून घडला. ‘ह’ हा ‘म’च्या आधी का येतो, असे मुले विचारतात, तेव्हा मी सांगते की त्या जागी पूर्वी ‘प’चा उच्चार होता, म्हणजे तो ओष्ठ्य वर्गच आहे. चेहऱ्यावर उजेड पडणे म्हणजे काय, ते अशा वेळी दिसते.

चाहत्यांची अडचण कोठे होते, तेही सांगितले पाहिजे. पाठ्यपुस्तक ‘मासु’ने संपणाऱ्या आदरार्थी रूपांनी सुरू होते, तर अ‍ॅनिमेत ती रूपे क्वचित ऐकू येतात. तेथे ‘माते’ (थांब), ‘निगेरो’ (पळ), ‘यामेरो’ (बंद कर), ‘शिने’ (मर) असे आज्ञार्थ असतात. आम्ही वापरतो त्या पुस्तकात आज्ञार्थ ३३ व्या धड्यात येतो. म्हणजे मुलाला जे आधीच येते ते पुस्तक त्याला दीड-दोन वर्षांनी शिकवते, आणि तोपर्यंत त्याला जे येते ते येतच नाही असे धरून चालते. ‘नु’ने संपणारे रोजच्या वापरातले क्रियापद जपानीत एकच आहे, ‘शिनु’, म्हणजे मरणे. नोकरीसाठी आलेले मुलगे ते तक्त्यातून पाठ करतात. अ‍ॅनिमे पाहणाऱ्यांना ते शिकवावेच लागत नाही.

या अडचणीची दुसरी बाजू मी स्वतः चुकीच्या रीतीने हाताळली, आणि ते मला अजून सलते. जपानहून येथल्या एका कारखान्यात आलेल्या वयस्कर अभियंत्यांना मी एकदा वर्गात बोलावले होते. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असणारी एक मुलगी सर्वांत आधी उठली. तिचे उच्चार वर्गात सर्वांत चांगले होते. तिने स्पष्ट, मोकळ्या आवाजात त्यांना ‘ओमाए’ म्हणून प्रश्न विचारला. दारात आलेल्या थोर पाहुण्याला ‘काय रे, तू कुठला?’ असे विचारावे, तसे ते झाले. पाहुण्यांनी क्षणभर थांबून हसत उत्तर दिले, पण मी सर्वांसमोर तिला म्हणाले की ते कार्टूनमधले जपानी आधी विसर. ती खाली बसली. पुढचे दोन आठवडे ती आली, मात्र एकही शब्द बोलली नाही, आणि नंतर यायची थांबली.

मी तिला काय सांगायला हवे होते, ते मला नंतर उमगले. जपानी भाषाशास्त्रज्ञ सातोशी किनसुइ यांनी कथेतल्या पात्रांच्या अशा ठरावीक बोलीला ‘याकुवारिगो’, म्हणजे पात्राच्या भूमिकेची भाषा, असे नाव दिले आहे. ‘वाशि’ आणि ‘जा’ लावून बोलणारा म्हातारा शास्त्रज्ञ प्रत्यक्षात सहसा भेटत नाही, पण तो शब्द कानावर पडताच जपानी माणसाच्या डोळ्यांसमोर पात्र उभे राहते. आपल्या ऐतिहासिक नाटकातला सरदार ज्या मराठीत बोलतो, तिच्यात आपण भाजी घेत नाही. म्हणून ती खोटी मराठी ठरत नाही. त्या मुलीला ‘ओमाए’ विसरायला सांगण्याचे काहीच कारण नव्हते. तो शब्द कोण, कोणाला, कोठे म्हणतो, एवढेच तिला शिकवायचे होते, आणि त्यासाठी लागणारा कान तिच्याकडे वर्गातल्या कोणाहीपेक्षा तयार होता. जपान फाउंडेशनसारख्या अधिकृत संस्थेनेही २०१० मध्ये अ‍ॅनिमे आणि मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, यांतली भाषा शिकवणारे संकेतस्थळ काढले होते, आणि ते मला तेव्हा माहीतही होते.

कांजीबद्दल थोडेच लिहिते. नित्य वापराच्या कांजींची अधिकृत संख्या २१३६ आहे, आणि तेथे हौस व नोकरी या दोन्ही कारणांनी आलेली मुले सारखीच दमतात. फरक एवढाच दिसतो की हौसेने आलेल्याला एखादी कांजी आधी कोठेतरी भेटलेली असते. मुलांच्या मांगात कांजीशेजारी बारीक अक्षरांत तिचा उच्चार दिलेला असतो, आणि तो वाचता वाचता ओळख होत जाते.

अशीच एक कांजी गेल्या पावसाळ्यात आमच्या फळ्यावर होती. उद्यमनगरच्या त्याच मुलाने विचारले होते की २००९ मध्ये ‘ड्रॅगन बॉल’ची सुधारून काढलेली मालिका ‘काइ’ नावाने का आली. मी ‘काइ’ फळ्यावर मोठी काढून अर्थ सांगत होते: बदलणे, सुधारणे. बाहेर धो धो पाऊस होता, मुलाला न्यायला आलेले वडील रेनकोट काढून दाराशी उभे होते. ते फळ्याकडे पाहत म्हणाले, “मॅडम, हे आमच्या काइझेनमधलं काइ का ओ?” काइझेन म्हणजे कामात सतत करत राहायची सुधारणा. मी हो म्हणाले आणि शेजारी ‘झेन’ लिहिले, चांगले या अर्थाचे. मग त्यांनी कारखान्यातल्या भिंतीवरचे नीटनेटकेपणाचे पाच शब्द क्रमाने म्हणून दाखवले: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. गेली कित्येक वर्षे ते शब्द त्यांच्या तोंडी होते, आणि ते ज्या भाषेतले आहेत तीच भाषा आपला मुलगा खोलीचे दार लावून ऐकतो, हे त्यांच्या तेव्हा प्रथमच लक्षात आले. मुलगा आश्चर्याने वडिलांकडे बघत राहिला. “शित्सुके म्हणजे शिस्त, एवढं आम्हाला शिकवलंय,” ते म्हणाले.

डिसेंबरात त्या मुलाने पुण्याला जाऊन एन५ ची परीक्षा दिली. त्या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते, त्यामुळे त्याची खरी तयारी गुणपत्रिकेत दिसणार नाही. यंदाच्या तुकडीला मी दुसऱ्याच आठवड्यात ‘मात्ते’ (थांब) आणि ‘मात्ते कुदासाइ’ (कृपया थांबा) शेजारी शेजारी लिहून दिले, आणि कोणते कोणाला म्हणायचे ते त्यांनाच ठरवायला सांगितले. अर्जातला तो रकाना मी आता पहिल्या दिवशी भरून घेत नाही. महिनाभराने, पालक नसताना, तो कागद पुन्हा मुलांच्या हातात देते.